वर्षभरात ग्राफिक्स कार्ड बदलणार असाल, तर वॉटर ब्लॉक आज घेऊ नका

आपल्याला गेमिंगच्या संगणकासाठी कस्टम वॉटर कूलिंग लूप, म्हणजे सुटे भाग जोडून केलेली, पाणी फिरवून संगणक थंड ठेवणारी व्यवस्था, बसवायची आहे, त्याचा खर्च आपल्या दीड महिन्याच्या पगाराइतका आहे, त्यातली निम्मी रक्कम हाताशी आहे आणि उरलेली क्रेडिट कार्डाच्या १२ हप्त्यांत फेडण्याचा आपला विचार आहे. अडीअडचणीसाठी दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढी शिल्लक असल्याचेही आपण कळवले आहे. पत्राच्या अखेरीस, जाता जाता, पुढील वर्षी ग्राफिक्स कार्ड बदलायचे आहे असे आपण लिहिले आहे. माझ्या मते निर्णय त्या एका ओळीवर ठरतो.

लूपमधले सगळे भाग सारखे टिकाऊ नसतात. पंप, रिझर्व्हायर (पाण्याची टाकी), रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) आणि फिटिंग (नळी जोडण्याचे तुकडे) नीट निगा राखल्यास पुढच्या संगणकातही चालतात आणि सीपीयूचा ब्लॉकही, म्हणजे मुख्य प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा, पुष्कळदा नुसते नवे ब्रॅकेट घेऊन नव्या सॉकेटवर (प्रोसेसर बसवण्याच्या जागेवर) बसतो. ग्राफिक्स कार्डाचा पूर्ण लांबीचा ब्लॉक मात्र त्याच कार्डाच्या सर्किट बोर्डावरील चिप, मेमरी आणि स्क्रूची छिद्रे यांच्या मापाने कोरलेला असतो, त्यामुळे चिप तीच असली तरी दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर तो बसेलच असे नाही. जुने कार्ड विकल्यावर त्या ब्लॉकला गिऱ्हाईक मिळेल ते नेमके तेच कार्ड बाळगणारे. हप्ते जेमतेम फिटतील तोवर वस्तू अडगळीत गेलेली असेल.

अंदाजपत्रकात फिटिंगसाठी धरलेली रक्कमही मला तोकडी वाटते. दोन ब्लॉक, दोन रेडिएटर आणि पंपासह रिझर्व्हायर असे पाच भाग धरले, तर प्रत्येकाला पाणी आत येण्याचे एक व बाहेर जाण्याचे एक तोंड असते, म्हणजे १० फिटिंग झाली. शिवाय पाणी काढून टाकण्यासाठी टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह, आणि जिथे नळी वळत नाही तिथे ९० अंशांचे जोड. सुटे सुटे स्वस्त वाटणारे हे तुकडे मिळून पुष्कळदा पंपाची किंमत गाठतात. मात्र बचत करायची म्हणून तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर घेऊ नये, कारण एकाच पाण्यात हे दोन धातू असले की ॲल्युमिनियम गंजत जाते.

खरेदीनंतरचा खर्च आपण धरलेलाच नाही. कूलंट, म्हणजे लूपमध्ये फिरणारे द्रव, साधारण वर्षाने बदलावे लागते. मी स्वतः दिसायला सुंदर म्हणून दुधी रंगाचे कूलंट भरले होते; चौदा महिन्यांनी ब्लॉक उघडला, तेव्हा केसाएवढ्या खाचांत पांढरा गाळ घट्ट बसलेला होता आणि जुन्या टूथब्रशने तो काढण्यात माझा एक रविवार गेला. गळतीने झालेले नुकसान वॉरंटीत बहुधा बसत नाही, म्हणून कार्डाचा मूळ कूलर काढण्यापूर्वी अटी वाचाव्यात.

या खर्चातून खेळाचा वेग फारसा वाढणार नाही. मिळेल ती शांतता आणि पाहण्याचा आनंद. हौसेला माझी हरकत नाही, पण हौस हप्त्यांवर करू नये, विशेषतः गाठीला दोनच महिन्यांचा खर्च असताना. बिनव्याजी म्हटल्या जाणाऱ्या हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क किंवा हुकलेली रोखीची सवलत दडलेली असू शकते.

म्हणून जो हप्ता भरणार होता, तेवढीच रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकावी आणि त्यातून आधी शिल्लक वाढवावी. अगदीच धीर धरवत नसेल, तर हाताशी असलेल्या रकमेत केवळ सीपीयूचा लूप ३६० मिलिमीटरचा एक रेडिएटर घेऊन करता येईल. नळ्या मऊच घ्याव्यात, कारण वाकवून मापाने कापलेल्या कडक नळ्या पुढे मांडणी बदलताना बहुतेक वाया जातात. पुढील वर्षी कार्ड निवडताना त्याच मॉडेलचा ब्लॉक बाजारात मिळतो का, हे आधी पाहावे आणि बिल त्यानंतर करावे.