हिवाळ्याचे घर: चाकांवरचे की भाड्याचे?

प्रश्न : आम्ही मिनेसोटात राहतो. यजमान ६७ वर्षांचे, मी ६४. जानेवारी ते मार्च अ‍ॅरिझोनात राहण्याचा विचार आहे. त्यांना मोटरहोम (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घ्यायचे आहे, मला मेसा येथे भाड्याचे लहान घर बरे वाटते. काय करावे?

उत्तर : मुक्काम एकाच गावी असेल, तर आपलेच म्हणणे मला पटते. मोठे मोटरहोम एका गॅलनला जेमतेम ६ ते १० मैल धावते आणि उरलेले नऊ महिने नुसते उभे राहिले, तरी विमा काही चुकत नाही. शिवाय मिनेसोटाच्या थंडीत नळ्या फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटिफ्रीज (थंडीत न गोठणारे द्रव) भरलेले असते. त्यामुळे जानेवारीत निघाल्यावर उबदार प्रदेश लागेपर्यंत गाडीत साधा चहाचा कपही विसळता येत नाही.

यजमानांना वाळवंटाचीच ओढ असेल, तर गोष्ट निराळी. अ‍ॅरिझोनातल्याच क्वार्ट्झसाइट गावाजवळ ला पोसा येथे सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना काढून राहता येते. मात्र जागेवर वीज वा नळजोडणी नसते आणि मैल्याची टाकी स्वतःच रिकामी करावी लागते. (हे काम कोणाचे, ते आधी ठरवावे.) गाडी विकत घेण्यापूर्वी दोन आठवडे भाड्याने घेऊन पाहावी.

यजमानांचे मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याची खासगी कंपनीमार्फत मिळणारी योजना) असेल, तर नेहमीचे उपचार बहुधा घराजवळच्या डॉक्टरांपुरतेच मर्यादित असतात. आपला आरोग्य विमाही अ‍ॅरिझोनात चालतो का, हे आगाऊ भाडे भरण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्यावे.