वारीत लागलेले मन घरी का लागत नाही?

आषाढी सरली की माझ्या नाशिकच्या समुपदेशन कक्षात दरवर्षी तीच व्यथा ऐकू येते: "वारीत देहभान हरपले होते, घरी आल्यापासून कशातच जीव रमत नाही. माझी भक्ती खोटी होती का?"

अशाच एक ताई, ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर सिन्नरमार्गे पंढरपूरपर्यंत चालून आलेल्या. पहिल्या तीन भेटी कंटाळ्याच्या वर्णनातच गेल्या. चौथ्या भेटीत मी विचारले, "दिंडीत चालण्याखेरीज काय करत होतात?"

"भाकऱ्या, मॅडम. मुक्कामी आम्ही चौघी शंभरेक भाकऱ्या थापायचो."

"कंटाळा?"

"छे! भाकरी हाताखाली आपोआप फिरू लागली की पीठ नीट मळले गेले, हे कळते. मग नुसता हात चालतो." बोलताना त्यांचा तळवा माझ्या टेबलावर गोल फिरत होता.

"आणि घरी?"

हात थांबला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "घरी माझे कान सासूबाईंच्या पावलांकडे असतात. आज काय चुकले, ते ऐकायला."

इतक्या वर्षांच्या कामात मला समाधान देणारे जे थोडे क्षण आहेत, त्यांपैकी हा एक. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७०च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद अशा अनेकांशी बोलून तल्लीनतेची जी लक्षणे नोंदवली, म्हणजे पुढचे पाऊल स्पष्ट असणे, काम जमते आहे की नाही हे कामातूनच कळणे आणि कौशल्याला पुरेसे आव्हान मिळणे, ती सारी त्या परातीत होती. घरी मात्र ताई भाकरीची पावती भाकरीकडून न घेता दाराकडून घेत होत्या. विठ्ठलाला मळ्यातच पाहणाऱ्या सावता माळ्यांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या समाजाला अशी तल्लीनता रोजच्या कामातच सापडते, हे नवे वाटू नये.

मी त्यांना एवढेच सुचवले की स्वयंपाकाविषयी सासूबाईंशी सकाळीच मोकळेपणाने बोलून घ्यावे, थापताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि भाकरी रोज थोडी अधिक पातळ थापून पाहावी. (झोप व भूकही दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवली असेल, तर मात्र डॉक्टरांना भेटणेच योग्य.)

महिन्याने त्या आल्या. "परवा भाकरी टम्म फुगली, मॅडम. सासूबाई मागेच उभ्या होत्या, हे मला नंतर कळले."