५८ सीसीच्या चेन सॉला किती इंची बार आणि कोणती चेन घालावी?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मशीन ५८ सीसीचं, मूळचा २२ इंची बार (चेन ज्याच्यावर फिरते ती लांब पट्टी) वाकलाय, शिरोळकडच्या मळीच्या रानात बांधावरच्या बाभळी आणि एक म्हातारा आंबा काढायचाय. दुकानदार म्हणतोय २४ इंची घाला, आंबा एका दमात पडेल. माझं मत बरोबर उलटं आहे. १८ इंची घाला. फारच वाटलं तर २०. त्याच्या वर जाऊ नका.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. पंप, ब्रश कटर, चेन सॉ असलं सगळं दुरुस्तीला येतं. लांब बार घातलेली ही ५८ सीसीची मशीनं बहुतेक एकाच दुखण्यानं येतात: क्लच जळालेला, नाहीतर बारचं टोक तापून निळं पडलेलं. मुळात कव्हरवरचा ५८ हा आकडा सरळ धरू नका. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ४५.२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३४ मिमी असेल तर गणित साडेचोपन्न सीसीचंच निघतं. २२ इंची बारवर ०.३२५ पिचची (पिच म्हणजे लागोपाठ तीन रिव्हेटांमधल्या अंतराच्या निम्मं, इंचात) चेन साधारण ८६ लिंकची (लिंक म्हणजे बारच्या खाचेत चालणारे खालचे दात) येते, म्हणजे कापणारे दात ४३. १८ इंचीवर ७२ लिंक, दात ३६. वाळक्या बाभळीत तो लांब बार पूर्ण बुडाला की इंजिन दबतं. माणूस वरून रेटतो, क्लच घसरतो आणि तापतो. ऑईल पंप तेवढाच, त्यामुळे टोकापर्यंत तेलही धड पोचत नाही. वर धार लावायला सात दात जास्त, ते वेगळंच.

आता आंब्याचं बघू. बुंध्याला टेप गुंडाळा आणि घेराला ३.१४ नं भागा. घेर ७ फूट भरला तर ८४ भागिले ३.१४, म्हणजे जाडी पावणेसत्तावीस इंच. २४ चा बारसुद्धा एका बाजूनं पार जात नाही, मग तो घेऊन फायदा काय? १८ नं दोन्ही बाजूंनी कापलं की हे खोड सुटतं. फक्त एवढं जाड झाड पाडताना मुरलेला कापणारा सोबत घ्या आणि बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका. मशीन उसळून अंगावर येतं ते तिथूनच. बांधावरच्या फूटभर जाडीच्या बाभळींना तर १८ भरपूर झाला.

चेन मागताना इंच सांगून भागत नाही, बहुतेक घोळ तिथंच होतो. १८ इंची बार ०.३२५ पिचचा असेल तर चेन ७२ लिंकची लागते, ३/८ पिचचा असेल तर बहुधा ६८ ची. दोन्ही १८ च, पण एकीची चेन दुसऱ्याला बसणार नाही. तीन आकडे लागतात: पिच, गेज आणि लिंक. चांगल्या बारवर हे तिन्ही शेपटाकडं, नटाच्या खाचेजवळ कोरलेले असतात. वंगण आणि भुश्याचा थर रॉकेलनं पुसून बघा, ३२५, ०५८, ७२ असं काहीतरी दिसेल.

पुसलं गेलं असेल तर मोजा. कोल्हापुरात व्हर्नियर कुणाकडंही मिळतो. चेनचे लागोपाठ तीन रिव्हेट धरा आणि पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत माप घ्या. त्याचं निम्मं म्हणजे पिच. साडेसोळा मिमी आलं तर ०.३२५ इंच, एकोणीसच्या आसपास आलं तर ३/८, म्हणजे आपलं तीन सूत. फार वापरलेली चेन ताणलेली असते, थोडं जास्त दाखवते, तेवढी सूट धरा. गेज म्हणजे बारच्या खाचेत चालणाऱ्या खालच्या दाताची जाडी. तुमच्या जातीच्या मशीनला बहुतेक ०.०५८ इंच, म्हणजे दीड मिमी असते. दीडची चेन १.३ च्या खाचेत जातच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. १.३ ची चेन दीडच्या खाचेत मात्र आरामात बसते, डुलत चालते, आणि काप तिरका जाऊ लागला की माणूस धारेला शिव्या देत बसतो. लिंक मोजायच्या म्हणजे हेच खालचे दात मोजायचे. एकाला खडूची खूण करा आणि तिथून सुरुवात करा. जुनी चेन ८६ ची निघाली तरी नव्या बारला ती संख्या चालणार नाही, त्याच्यावर लिहिलेलीच घ्या.

नवीन बार घेताना जुना सोबत न्या आणि दोन्ही शेपटं एकमेकांवर ठेवून बघा. मधली लांब खाच, तेलाचं भोक, चेन ताणायच्या पिनचं भोक, तिन्ही जुळली पाहिजेत. तेलाचं भोक थोडं जरी सरकलेलं असलं तर बार बसतो, चेन फिरते, पण तेल बाहेरच गळतं. क्लचमागचा स्प्रॉकेटही (चेन फिरवणारं दातेरी चक्र) बघा. दातांवर अर्धा मिमी खोल घर पडलं असेल तर तोही बदला, नाहीतर नवी चेन त्यावर लवकर खराब होते. आणि ०.३२५ वरून ३/८ वर जायचा मोह नको. त्याला स्प्रॉकेट वेगळा, बारच्या टोकाचं चक्रही वेगळं. खर्च वाढतो, मिळत काही नाही.

चेन सेमी चिझल मागा, म्हणजे कापणाऱ्या दाताचा कोपरा गोलसर असलेली. फुल चिझल स्वच्छ, मऊ लाकडात सरसर जाते, पण तिचा टोकदार कोपरा मातीला टिकत नाही. तुमच्याकडं तर २०१९ आणि २०२१ च्या पुराचा गाळ सालीच्या भेगांत अजून असू शकतो, त्यात बांधावरच्या झाडात जुनी तार किंवा खिळा हमखास. बुंध्याची साल कापायच्या जागी कुऱ्हाडीनं तासून घ्या, धार कितीतरी जास्त टिकते. ०.३२५ ला गोल कानस ४.८ मिमीची लागते. ४ ची किंवा साडेपाचची चालवू नका. आणि बारला गाडीचं काढलेलं जळकं ऑईल अजिबात नको, त्यातला लोखंडाचा चुरा पंप खातो.

आंबा १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, तेव्हा परवानगीचा अर्ज आधी करा. बाभळीचंही त्याच वेळी विचारून घ्या.

नवी चेन पहिल्या दोन-चार कापांत ढिली पडते, घाबरू नका. मशीन बंद करून थंड होऊ द्या, मग ताणा. बारच्या मध्यावर वर ओढली तर खालचे दात खाचेतून बाहेर यायला नकोत, आणि हातमोजा घालून ओढली तर सहज फिरली पाहिजे. गरम असताना ताणली असेल तर काम संपल्यावर थोडी सैल करून ठेवा, थंड होताना ती आखडते.