आधी सुई, मग मशीन

प्रिय मुली,

तू पाठवलेला टॅटूच्या किटचा फोटो मोठा करून नीट पाहिला. दोन कॉइल मशिनी, छोटा पॉवर सप्लाय, फूट पेडल, रंगांच्या वीसेक बाटल्या, सुयांचं पाकीट आणि सरावासाठी रबरी कातडीचा एक तुकडा. चार-साडेचार हजारांत सगळं. तू विचारतेस, ही चायनाची मशीन घेऊ, की आणखी वर्षभर मेंदीच्या ऑर्डरी करून पैसे साठवू आणि मग चांगली घेऊ?

आठवडाभर तुला झोप लागत नाही म्हणतेस, ते मला समजतं. पण ज्या वस्तूची तू एवढी काळजी करतेस ती गिऱ्हाइकाच्या कातडीत जात नाही. कातडीत जाते सुई आणि सुईबरोबर शाई. जे कातडीत शिरतं त्यावर पैसे वाचवायचे नाहीत. हे वाक्य पुढे पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाच.

बाहेरून आलेली मशीन म्हणून मी नाक मुरडणार नाही. आपल्याकडच्या बऱ्या दुकानांतल्या बहुतेक मशिनी बाहेरच्याच आहेत. कुणाकडे जर्मनीची, कुणाकडे अमेरिकेची, आणि आता चायनाच्या पेन मशिनीवर उत्तम काम करणारी माणसंही मला माहीत आहेत. मशिनीचं मूळ तरी काय? पत्रांच्या प्रती काढता याव्यात म्हणून कागदाला बारीक भोकं पाडणारं विजेचं पेन एडिसनने काढलं, त्याचं पेटंट १८७६चं. तीच कल्पना उचलून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने १८९१ साली टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. कचेरीतल्या कारकुनाचं ते साधन. त्याची पूजा करायची गरज नाही.

तरीही हे किट घेऊ नकोस.

त्यातल्या दोन्ही मशिनी कॉइलच्या आहेत. कॉइलमध्ये वीज गेली की वरची लोखंडी पट्टी खाली ओढली जाते, त्याबरोबर संपर्क तुटतो, स्प्रिंग पट्टी वर उचलते, संपर्क पुन्हा जुळतो. सेकंदाला शंभरेक वेळा हे चालतं. स्प्रिंगचा ताण आणि स्क्रूचं अंतर बरोबर जुळवलं तर अशी मशीन जन्मभर साथ देते. माझी जुनी कॉइल आजही जाड रेषेला मी काढते. पण तिचा आवाज ऐकून स्क्रू पाव फेरा फिरवायचा हे कळायला मला वर्षं लागली. किटमधल्या मशिनीत पट्टी वाकडी बसलेली असते, स्क्रू कंपनाने ढिले होतात, वीज आणणारी वायर, क्लिप कॉर्ड, हलली की मध्येच वीज तुटते. अनुभवी माणूस तिला कशीबशी वठणीवर आणेल. तुझी रेष थरथरली तर हात चुकला की मशीन, हे तुला कोण सांगणार? तू हातालाच दोष देशील. चांगला हात असलेली पोरं अशाने महिन्याभरात हे काम सोडतात.

तुझा हात चांगला आहे, हे मी तुझ्या मेंदीचे फोटो बघून म्हणते. कोनवरचा दाब तुला कळतो. पण मेंदी वर बसते. इथे शाई वरच्या पातळ थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल ठेवायची असते. कमी गेली तर खपली धरून निघून जाते, जास्त गेली तर रेषेभोवती निळसर धूर पसरल्यासारखा ब्लोआउट होतो आणि तो पुसता येत नाही. वरचा थर जेमतेम दहावा हिस्सा मिलिमीटर जाडीचा, तोही मनगटावर वेगळा आणि पाठीवर वेगळा. सुई बाजूला डुगडुगत असेल तर ही खोली सांभाळायची कशी?

देवनागरीत हे जास्त जाणवतं. तुझ्याकडे येणारं गिऱ्हाईक काय मागणार? ‘आई’, मुलाचं नाव, महाराजांची राजमुद्रा. ‘क’चा, ‘व’चा पोटातला गोल बघ. शाई वर्षानुवर्षं थोडी पसरतेच. आज तांदळाच्या दाण्याएवढा गोल ठेवलास तर काही वर्षांनी तो बुजतो आणि ‘व’ नुसता ठिपका होऊन बसतो. इंग्रजी अक्षरं त्यामानाने मोकळी. आपल्याला शिरोरेषा सरळ हवी, वेलांटी वळली पाहिजे, अनुस्वार त्याच्या जागी गोल बसला पाहिजे. राजमुद्रेतली अक्षरं दोन इंचांत मागणारे येतील, त्यांना नाही म्हण. मी म्हणते. ते शेजारच्या दुकानात जातात, जाऊ देत.

आता शाईबद्दल. फोटोतल्या बाटल्यांवर बॅच नंबर दिसला का तुला? काय घातलंय ते? कधीपर्यंत चालेल? फक्त रंगाचं नाव आणि एक ड्रॅगन. २०११च्या शेवटाला अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी, एकाच टॅटू आर्टिस्टच्या गिऱ्हाइकांच्या कातडीवर पुरळ उठायला लागलं. तपासात मायकोबॅक्टेरियम चेलोनी नावाचा जंतू सापडला. कंपनीकडून आधीच पातळ करून आलेल्या राखाडी शाईत तो होता. मशीन काय किमतीची होती, याने तिथे काय फरक पडला असता? युरोपीय संघाने जानेवारी २०२२पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली, पुढच्या वर्षी एक निळं आणि एक हिरवं रंगद्रव्यही त्यात आलं. तिकडे नावाजलेल्या कंपन्यांना बाटल्या बदलाव्या लागल्या, आणि तू ड्रॅगनवाली बाटली माणसाच्या अंगात भरणार? जे कातडीत शिरतं त्यावर पैसे वाचवायचे नाहीत. सुरुवातीला एकच काळी शाई घे, नावाच्या कंपनीची, खात्रीच्या विक्रेत्याकडून, सीलबंद. वीस रंगांची तुला गरज नाही. आणि ती पातळ करायला नळाचं पाणी कधीही वापरू नकोस.

सुयांचंही तसंच. कार्ट्रिज, म्हणजे सुई आत बसवलेली नळी, घेशील तेव्हा प्रत्येकाचं वेगळं सीलबंद पाकीट हवं, त्यावर निर्जंतुक केल्याची खूण, लॉट नंबर आणि मुदत हवी. आत मेम्ब्रेन, पातळ पडदी, हवी, म्हणजे शाई आणि रक्त मागे मशिनीत झिरपत नाही. स्वस्त कार्ट्रिजमध्ये ती नसते किंवा नावापुरती असते. मग तुझी मशीन लाखाची असली तरी आतून घाण, आणि मोटर काही ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात, घालता येत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. पुसल्याने काम भागत नाही. तवा जुना चालेल, पीठ किडकं चालणार नाही.

जत्रेत बॅटरीवरची मशीन घेऊन बसणारे तू पाहिलेच असशील. त्यांतल्या काहींचा हात माझ्यापेक्षा सरस होता, हे मी मोकळेपणाने सांगते. फुली, तुळस, बैलाचं नाव, काहीही बघताबघता उतरवायचे, आधी स्टेन्सिलचा छापसुद्धा नाही. पण सुई एकच, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तेवढ्या हाताला नवी सुई मिळाली असती तर, हे मला आजही छळतं.

माझ्याकडे शिकलेली एक मुलगी दुसऱ्या दुकानात गेली. तिथे नवरा-बायको एकत्र आले की दोघांना एकच कार्ट्रिज लावायचे, म्हणे घरचीच माणसं. तिने फोनवर सांगितलं, मी म्हटलं सोड. ती म्हणाली, भाडं कुठून भरू? शेवटी तिने हे कामच सोडलं. माझ्या हाताखालची सगळ्यांत सरळ रेष तिची होती. मला फार वाईट वाटतं त्याचं.

मला हट्टी म्हणतात, महागडी म्हणतात. मी गिऱ्हाइकासमोर पाकीट फोडते, मुदत वाचून दाखवते, आणि मधल्या सुट्टीत चहाला उठून गेलेला माणूस उशिरा आला तर नवं कार्ट्रिज लावून त्याचे पैसे घेते. त्यावरून वाद होतात. पलीकडे निम्म्या किमतीत नाव काढून मिळतं, ते मला रोज कुणीतरी ऐकवतं. या हट्टापायी माझं दुकान मोठं झालं नाही, एकाच खोलीत राहिलं. ते मला मान्य आहे. ज्यांना हे मान्य नाही, त्यांनी माझ्या खुर्चीवर एकदा बसून बघावं आणि मग बोलावं. जाऊ दे, हे तुला सांगून काय उपयोग.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी सोडणार नाही. ‘धाकटा भाऊ हात द्यायला तयार आहे.’ अजिबात नाही. तो तयार आहे म्हणून त्याचा हात सरावाची वही होत नाही. आधी केळ्याचं साल, मोसंबी, मग सिलिकॉनची शीट, मग पुन्हा सिलिकॉनची शीट. सरळ रेषा, गोल, शिरोरेषा, पुन्हा गोल. तुझे गोल दोन्ही टोकांना नीट जुळायला लागले की मला फोटो पाठव. माणसाच्या कातडीचं तेव्हा बोलू, आणि तेही माझ्यासमोर.

एवढं ऐकल्यावर मशीन घे. स्वस्त, बाहेरची, चालेल. कॉइल नको, रोटरी पेन घे, म्हणजे मोटरवर चालणारी, साडेतीन मिलिमीटर स्ट्रोकची, म्हणजे सुई तेवढी पुढेमागे सरकते अशी. तिने रेषही होते आणि शेडिंगही. बिनवायरची सगळ्यांत स्वस्त घेऊ नकोस. बॅटरी उतरली की रेषेच्या मधोमध वेग पडतो. आरसीए, म्हणजे गोल पिनेच्या, वायरवर चालणारी घे आणि पॉवर सप्लायवर चार पैसे जास्त घाल. मशीन पुढे बदललीस तरी तो राहील. हातात आली की नुसती चालवून खूश होऊ नकोस. हवेत सगळ्याच मशिनी छान गुणगुणतात. कार्ट्रिज न लावता सुई ढकलणाऱ्या दांडीवर ग्लोव्ह घातलेलं बोट हलकं टेकव. आवाज एकदम बसला तर मोटर अशक्त आहे. अशी मशीन कातडीवर अडखळते, आपण त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवतो आणि कातडी सोलवटते. दांडी बाजूला हलते का बघ. अर्धा तास चालवून ग्रिप किती तापते बघ. यांतल्या एकातही नापास झाली तर परत कर, लाजू नकोस.

सात-आठ हजार तुझ्याकडे आहेत म्हणतेस. त्यातून आधी हिपॅटायटिस बीची लस घे: पहिला डोस आत्ता, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. हिपॅटायटिस सीवर लस नाही, तिथे नवी सुई आणि ग्लोव्ह्ज यांचाच आधार. मग कार्ट्रिज, काळी शाई, ग्लोव्ह्ज, सुया टाकायचा जाड डबा. उरतील त्यात मशीन बसते का बघ. नसेल बसत तर दोन महिने थांब, लग्नसराई येतेच आहे.

पहिल्या डोसचा कागद मला पाठव. मशिनीची लिंक त्यानंतर पाठव, मी बघून सांगते.

तुझी,
ताई