केनियाचा निकाल परदेशी बातम्यांत वाचताना

प्रश्न : २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत एका बातमीत विल्यम रुटो पुढे दिसत होते, दुसरीत त्यांचे प्रतिस्पर्धी रायला ओडिंगा. मग खोटं कोण बोलत होतं? (वाचक, सांगली)

तेवढ्यावरून कुणालाच खोटं ठरवता येत नाही. केनियात मतपत्रिका मतदान केंद्रावरच मोजतात, आपल्यासारखी मतदान यंत्रांची वाहतूक करून नंतर नाही. एका केंद्रावर जास्तीत जास्त ७०० मतदार. मोजणी झाली की फॉर्म ३४-ए, म्हणजे त्या केंद्राचं निकालपत्रक, भरायचा, उमेदवारांच्या प्रतिनिधींनी सह्या करायच्या, एक प्रत केंद्राच्या दारावर लावायची आणि पत्रकाचा फोटो निवडणूक आयोगाकडे पाठवायचा. अशी केंद्रं ४६,२२९ होती. आयोगाने हे फोटो सगळ्यांसाठी खुले केले, पण चालू बेरीज मात्र दिली नाही.

मग प्रत्येक वृत्तसंस्था माणसं बसवून हस्ताक्षरातले आकडे टाइप करू लागली. रुटोंचा जोर असलेल्या रिफ्ट व्हॅलीतली पत्रकं आधी घेतली की रुटो पुढे, ओडिंगांच्या न्यान्झातली घेतली की ओडिंगा. त्यात टाइप करताना एखादा अंक इकडचा तिकडे होतोच. म्हणून टक्केवारी बघण्याआधी किती पत्रकं मोजली आणि ती कुठल्या काउंटींची (तिथल्या जिल्ह्यांची), ते शोधा. बातमीत हे नसेल तर ‘आघाडी’ हा शब्द सोडून द्या. १५ ऑगस्टला जाहीर झालेला फरक जेमतेम २ लाख ३३ हजार मतांचा होता : रुटो ५०.४९, ओडिंगा ४८.८५ टक्के. इतक्या चुरशीत अर्धवट बेरीज कुठेही झुकते.

प्रश्न : २०१७ मध्ये परदेशी निरीक्षकांनी शाबासकी दिली आणि कोर्टाने निवडणूकच रद्द केली. हे कसं? (वाचक, पणजी)

निरीक्षकांनी प्रामुख्याने पाहिलं ते मतदान. ८ ऑगस्टच्या रांगा, पेट्या, केंद्रावरची मोजणी, सगळं बऱ्यापैकी सुरळीत होतं. गडबड पुढच्या टप्प्यात होती. आयोग पडद्यावर आकडे दाखवत होता, पण त्यामागची अनेक ३४-ए पत्रकं पोचलेलीच नव्हती. ११ तारखेला निकाल लागला. निरीक्षकांची प्राथमिक निवेदनं त्याआधीच आली होती. परदेशी बातम्यांचे मथळे मात्र असे, जणू सगळ्या प्रक्रियेलाच प्रमाणपत्र मिळालं! आयोगाने सर्व्हर पुरते उघडून दाखवले नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध धरलं आणि १ सप्टेंबरला ४ विरुद्ध २ मतांनी निवडणूक रद्द केली. तेव्हा निरीक्षकांचं निवेदन वाचताना तारीख आधी बघा, कौतुक नंतर.

प्रश्न : दर वेळी ‘जमातींचा संघर्ष’ हेच चित्र का? (वाचक, नागपूर)

२००७-०८ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात ११०० हून अधिक माणसं गेली, त्याची ही सावली. पण रिफ्ट व्हॅलीत प्रश्न जमिनीचाही होता आणि जमाव भडकवणारे राजकारणीही होते; हे तपशील दोन मिनिटांच्या वृत्तांतात बसत नाहीत. २०१३ मध्ये मतदानाआधी सीएनएनने घरगुती हत्यारं घेतलेले मोजके लोक दाखवले, तेव्हा केनियन लोकांनी ट्विटरवर त्या वाहिनीची यथेच्छ टर उडवली.

आणखी एक. निकाल जाहीर झाला की बाहेरचे कॅमेरे गुंडाळले जातात, पण निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान द्यायला ७ दिवस आणि त्यावर निर्णयाला १४ दिवस असतात. २०२२ च्या निकालाविरुद्धची याचिका ५ सप्टेंबरला एकमताने फेटाळली गेली. तोवरच्या बातम्यांसाठी नैरोबीची स्थानिक वर्तमानपत्रं वाचा.