दुपारी दोनचा पेपर

अनेक आशीर्वाद.

क्लॅटच्या, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या, तुझ्या मॉकचे (सराव पेपरांचे) गुण पाहिले. 84, 88, 91. छान चढत आहेत. पण काल तुझ्या आईचा फोन आला होता. हे पेपर तू रात्री दहानंतर, पलंगावर लोळत, मोबाइलवर सोडवतेस म्हणे, आणि मध्ये चहालाही उठतेस! मग हे 91 मी कसे धरू?

क्लॅट दुपारी 2 ते 4 असते. वरणभात खाऊन आपल्याकडे ज्या वेळी माणसं आडवी होतात, नेमकी ती वेळ. तेव्हा साडेचारशे शब्दांचा उतारा वाचताना तिसऱ्या ओळीवर डोळा लागतो की नाही, हे रात्री दहाला कसं कळणार? येत्या रविवारपासून दोनच्या ठोक्याला बस. त्या दिवशी जेवण साडेबाराला आणि हलकं. घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असतील तर चालू दे, परीक्षा केंद्राबाहेरही रिक्षांचे हॉर्न वाजतातच.

पेपर छापून घे, ओएमआर शीटसुद्धा, म्हणजे उत्तरांचे गोळे रंगवायचा कागद. शीटचा कंटाळा करू नकोस. 120 प्रश्नांना 120 मिनिटं म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, असं तू धरून चालली आहेस. पण गोळे रंगवायला प्रत्येकी तीन सेकंद धरले तरी सहा मिनिटं त्यातच जातात, आणि उतारे वाचायचे तेही याच वेळात. माझ्या एका विद्यार्थ्याने सरावात 47वा प्रश्न सोडला आणि 48चं उत्तर 47च्या गोळ्यात भरलं. लक्षात आलं 63व्या प्रश्नाला. बॉलपेनची शाई, खोडणार कशी? तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, एक उतारा संपला की त्याचे गोळे भरून मोकळं व्हायचं. शेवटी एकदम भरू, हा विचारच नको.

चुकीला पाव गुण जातो, तेव्हा अंदाजाने ठोकलेल्या उत्तरांचा हिशेबही एकदा करून ठेव. डोळे मिटून 16 प्रश्न ठोकलेस तर सरासरीने 4 बरोबर, 12 चूक. चारातून तीन गेले, हाती एक. एवढ्यासाठी वेळ घालवायचा नाही. चारपैकी दोन पर्याय नक्की चूक वाटत असतील तर मात्र बेलाशक ठोक. राज्याच्या कायदा सीईटीत चुकीचे गुण कापत नाहीत आणि पेपर संगणकावर असतो, म्हणून तिचा सराव वेगळ्या दिवशी. एकीची सवय दुसरीत नेलीस की घोळ होतो.

पेपरच्या विधी विभागात तुझी एक खोड दिसते. उताऱ्यात दिलेला नियम सोडून तू स्वतःला माहीत असलेला कायदा लावतेस. वकील झाल्यावर लाव, आत्ता नको.

रविवारी दोन ते चार मी फोन करून बघणार आहे, तो बंद लागला पाहिजे. संध्याकाळी गुण कळवू नकोस. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर का चुकला ते एका ओळीत लिही आणि त्या पानाचा फोटो पाठव.

आईला नमस्कार सांग.