गाडीची कागदपत्रे मोबाइलमध्ये आहेत, मग नोंदवही कशासाठी?

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा समजलो आहे: आपल्या तीन मालवाहू गाड्या आहेत आणि त्यांपैकी दोन नॅशनल परमिटवर चालतात. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), विमा, पासिंग (गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र), परमिट आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) हे सर्व डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये असल्यामुळे आणखी कोणते दप्तर ठेवणे बंधनकारक आहे, ते किती वर्षे जपावे, आणि आयकर अंदाजित उत्पन्नावर भरत असल्याने वह्या ठेवण्याची गरज नाही हे कर सल्लागाराचे म्हणणे कितपत खरे आहे, हे आपणांस जाणून घ्यायचे आहे. हा व्यवसाय मी बरीच वर्षे केला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

मुळात दोन प्रकारचे कागद वेगळे काढले पाहिजेत. पहिल्या प्रकारचे कागद शासन किंवा विमा कंपनी आपल्याला देते आणि दुसऱ्या प्रकारचे कागद आपण स्वतः तयार करावयाचे असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या प्रकारचे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखविता येतात, त्यामुळे तेथे आपली व्यवस्था योग्य आहे. तेथे फक्त मुदतींवर लक्ष ठेवावे लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांसाठी मिळते आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते; चालकाचा परिवहन वाहनाचा परवाना पाच वर्षांनी नूतनीकरणास येतो. तीन गाड्यांसाठी भिंतीवरचे एक कॅलेंडर पुरेसे आहे. दुसऱ्या प्रकारचे कागद मात्र कोणत्याही ॲपमध्ये आपोआप येत नाहीत, आणि वाद उभा राहतो तेव्हा मागणी बहुतेक त्यांचीच होते.

त्यांत सर्वांत महत्त्वाची मी खेपवही, म्हणजे गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंदवही, मानतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३३ नुसार, चालकावर या कायद्याखालील गुन्ह्याचा आरोप असेल आणि पोलीस अधिकाऱ्याने मागणी केली, तर त्या चालकाचे नाव, पत्ता व परवान्याची माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. वाचताना हे सोपे वाटते. आमच्याकडे सहा गाड्या असताना दुसऱ्या जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्याचे पत्र आले, की आठ महिन्यांपूर्वी अमुक तारखेस आपल्या गाडीने एका दुचाकीस धडक दिली असून त्या वेळी गाडीवर कोण होते ते कळवावे. त्या काळात चालक गाड्या अदलाबदल करून नेत असत, दोघे काम सोडून गावी गेले होते आणि वही तर मुळीच नव्हती. शेवटी पंपावरील उधारीच्या डिझेल चिठ्ठीवरची सही आणि वजनकाट्याची पावती जुळवून आम्ही नाव शोधले, पण त्यात पाच दिवस गेले आणि तोवर मीच काहीतरी दडवीत आहे असा समज झाला होता. दुसऱ्याच आठवड्यात मी खेपवही सुरू केली.

त्या वहीत एका ओळीत तारीख, गाडी क्रमांक, चालकाचे नाव, निघण्याची व पोहोचण्याची वेळ, दोन्ही वेळचे किलोमीटर, बिल्टीचा (माल वाहतुकीसाठी घेतल्याच्या पावतीचा) क्रमांक, ई-वे बिलाचा (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढावयाच्या ऑनलाइन बिलाचा) क्रमांक, काट्याचे वजन आणि चालकाची सही एवढेच असते. वाटेत चालक बदलला तर ठिकाण व वेळ लिहून नवी ओळ सुरू करावी. ही नोंद गाडी निघताना झाली पाहिजे, कारण महिनाअखेरीस एकाच शाईने एका बैठकीत लिहिलेली वही पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते आणि मग तिच्यातील खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

निघण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा कशासाठी, असा प्रश्न चालक हमखास विचारतात. चालकाच्या कामाचे तास मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ प्रमाणे असावेत, असे मोटार वाहन अधिनियमाचे कलम ९१ सांगते. त्या अधिनियमाने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. त्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली असली तरी दिवसाला आठ तासांचे मूळ सूत्र कायम आहे. पाचांहून कमी कामगार असल्याने आपल्याला हे लागू नाही, असे लहान मालक समजतात. परंतु पाचांची ती अट १९६१ च्या अधिनियमातील होती, कलम ९१ मध्ये अशी अट नाही. रात्रीच्या अपघातानंतर चालक त्या दिवशी किती वाजल्यापासून गाडीवर होता हा प्रश्न येतोच, आणि त्याचे लेखी उत्तर आपल्याजवळ नसेल तर समोरच्या वकिलाचा अंदाजच खरा धरला जाण्याची भीती असते.

चालकाची स्वतंत्र फाइल ठेवा. तीत परवान्याची प्रत असावीच, पण ती प्रत आपण परिवहन संकेतस्थळावर कधी पडताळून पाहिली ती तारीख व त्या पडताळणीची छापील प्रतही असावी. याचे कारण नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या निकालात आहे. परवाना बनावट किंवा मुदतबाह्य निघाला एवढ्यावरून विमा कंपनी मालकावरील जबाबदारीतून सुटत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नव्हती हे कंपनीने सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. आपण काळजी घेतली होती, हे नुसते तोंडी सांगण्यापेक्षा तारखेसह दाखविता आले, तर नुकसानभरपाईची रक्कम कंपनीने आपल्याकडून वसूल करण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. परवाना कोणत्या वर्गाचा आहे हेही त्याच वेळी पाहावे. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे परिवहन वाहन चालविता येते, हे २०२४ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. त्यावरील गाडीला तो चालत नाही.

आता देखभालीविषयी. बहुतेक मालकांकडे गॅरेजची बिले असतात, परंतु तक्रारीची नोंद नसते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० चे शब्द येथे ध्यानात ठेवावेत: ज्या दोषाची माहिती होती, किंवा साधारण काळजी घेतली असती तर जो दोष समजला असता, अशा दोषासह गाडी रस्त्यावर आणणे आणि आणू देणे, या दोन्ही गोष्टी दंडनीय आहेत. म्हणजे मला माहीत नव्हते हे उत्तर पुरेसे होत नाही. म्हणून चालकाने निघण्यापूर्वी ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, हूक व ताडपत्री पाहून एका चिठ्ठीवर सही करावी, आणि काही दोष नसेल तर तसेही लिहावे. दोष सांगितला असेल तर त्याच चिठ्ठीवर मेकॅनिकने काय केले, किती किलोमीटरला केले व गाडी पुन्हा कोणी सोडली, हे आले पाहिजे. चालकाने लिहिलेली तक्रार आणि पुढे दुरुस्तीचा पत्ता नाही, अशी चिठ्ठी दप्तरात असणे हे चिठ्ठी नसण्यापेक्षाही वाईट, कारण ती आपल्याच विरुद्ध पुरावा होते. टायरसाठी वेगळे पान ठेवून प्रत्येक टायरचा क्रमांक, बसविल्याची तारीख, रिमोल्ड केव्हा केला (झिजलेल्या टायरवर नवा थर केव्हा चढविला) आणि कोणत्या गाडीवरून कोणत्या गाडीवर गेला हे लिहावे. कायद्याइतकाच याचा उपयोग खर्चालाही होतो.

काट्याची पावती चालकाकडून परत घेण्याची सवय लावावी. जादा भाराबद्दल त्याच अधिनियमाच्या कलम १९४ मध्ये दंड म्हणून वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये अशी तरतूद आहे, पण मालकाने वाचावे असे खरे कलम ११३ आहे. चालक मालक नसेल तर जादा भार मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने भरला होता असे न्यायालय गृहीत धरू शकते, असे ते सांगते. हे गृहीत खोडण्यासाठी भरण्याच्या ठिकाणची काट्याची पावती आणि गाडीला मंजूर असलेल्या वजनापेक्षा जास्त माल घेऊ नये अशी चालकाने सही केलेली लेखी सूचना, या दोनच गोष्टी हाताशी असतात.

मालाच्या कागदांबाबत आपली स्थिती काय आहे हे आधी ठरवावे लागेल. आपण गाड्या एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीला भाड्याने लावत असाल आणि बिल्टी ती कंपनी काढत असेल, तर आपली जबाबदारी कमी होते. आपण स्वतः बिल्टी काढत असाल तर ती बरीच वाढते. परंतु वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३५ मधील दुसरे पोटकलम प्रत्येक वाहतूकदाराला, तो नोंदणीकृत असो वा नसो, माल पाठविणारा, माल घेणारा व मालाचा तपशील यांची नोंद ठेवण्यास सांगते, आणि नियम ५८ नुसार वाहून नेलेल्या, पोहोचविलेल्या व वाटेत साठविलेल्या मालाची नोंद शाखावार ठेवावी लागते. ई-वे बिलाबाबत एकच सूचना करतो. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर त्या बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये नवा गाडी क्रमांक भरल्याशिवाय ती दुसरी गाडी हलवू नये, आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने बिलाची मुदत संपत असेल तर संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यावी. बिघाडाचे ठिकाण, वेळ व मेकॅनिकची पावती खेपवहीस टाचून ठेवल्यास मुदत का वाढविली याचे उत्तर तयार राहते.

माल उतरल्यानंतरची सही-शिक्क्याची पोच हा भाडे वसूल करण्याचा कागद म्हणून सर्वच जपतात, पण भाडे मिळताच ती कोठेतरी टाकून देतात. रस्तामार्गे वहन अधिनियम, २००७ खाली माल हरवल्याची किंवा खराब झाल्याची लेखी सूचना बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत दिल्याशिवाय वाहकाविरुद्ध दावा चालत नाही. म्हणजे भाडे हातात पडल्यानंतरही काही महिने तक्रार येऊ शकते, आणि तेव्हा पोचेवर शेरा नव्हता हे दाखविणे हाच आपला बचाव असतो.

आपल्या कर सल्लागाराचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. वर्षभरात केव्हाही दहांपेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील, तर अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत बारा हजार किलोपर्यंतच्या गाडीला दरमहा साडेसात हजार रुपये आणि त्यावरील गाडीला दर टनामागे दरमहा एक हजार रुपये धरले जातात, व त्या उत्पन्नासाठी हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नसते. ही सूट आयकरापुरती आहे. वर सांगितलेली कर्तव्ये इतर कायद्यांची असल्याने त्यांना ती लागू होत नाही. शिवाय या योजनेत गाडी किती महिने मालकीची होती यावर उत्पन्न ठरते आणि महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरतात, त्यामुळे खरेदी-विक्रीच्या तारखांचे कागद तेथेही लागतात.

किती वर्षे, या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. २०२४-२५ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचे होते, म्हणून त्या वर्षाचे दप्तर ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत ठेवावे. नोंदणी नसेल तरी मालाच्या नोंदींना मी हीच मुदत लावतो. खेपवही व चालकाच्या फाइली मी कधीच रद्दीत घातल्या नाहीत, कारण त्यांना फारशी जागा लागत नाही. अपघाताचा दावा सहा महिन्यांत दाखल व्हावा असे आता कायदा सांगत असला तरी तो चालतो वर्षानुवर्षे, म्हणून अपघाताचे सर्व कागद, त्या महिन्याच्या देखभालीच्या चिठ्ठ्यांसह, शेवटचे अपील निकाली निघेपर्यंत वेगळ्या पाकिटात ठेवावेत. देखभालीच्या बाकीच्या चिठ्ठ्या मी गाडी विकेपर्यंत ठेवतो.

विकलेल्या गाडीची फाइल मात्र लगेच बंद करू नये. आरसीवर नाव बदलेपर्यंत नुकसानभरपाईसाठी नोंदणीकृत मालकच मालक मानला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे ताबा दिल्याची वेळ लिहिलेली पावती, खरेदीदाराचे ओळखपत्र आणि हस्तांतरणाच्या अर्जाची पोच त्या फाइलीत ठेवा, आणि नाव बदललेल्या आरसीची प्रत हाती आल्यावरच ती कपाटात ठेवा.